लाल पट्टी
परदेशातल्या या खेड्यातल्या दवाखान्यात आज दिवसभर मुलांचे दंड मोजले. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी लाल दाखवते. म्हणजे तीव्र कुपोषण. एका चिमुरडीची लाल आली. आई नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिची भाषा मला येत नाही, पोटात कालवलं. नर्सताईंनी मायलेकींना बाकावर बसवलं, पोरीच्या पावलांवर अंगठा दाबून सूज पाहिली, मग भूक तपासायला शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टचं पाकीट दिलं. पोरीनं चाटूनपुसून खाल्लं! भूक चांगली, सूज नाही, ताप नाही, त्यामुळे उपचार घरीच. आम्ही विद्यार्थी परत जाऊ, तिला पुढे तपासणार त्या ताईच. आम्ही इथे त्यांच्या हाताखालीच काम करावं, असं मला मनापासून वाटतं. उद्या मी त्यांच्याकडून सूज तपासायला शिकणार आहे.