वाखानमधला चहा आणि बंद पडलेली उआझ

ताजिकिस्तानातलं खोरोग शहर सोडलं की पंज नदी उजव्या हाताला लागते, ती लांगर गावापर्यंत साथ सोडत नाही. पलीकडे अफगाणिस्तान. गाढवावर सरपण लादून चाललेला माणूस इतका जवळ दिसतो की हाक मारावीशी वाटते. त्याच्या मागे हिंदुकुश आणि हिंदुकुशाच्या पलीकडे पाकिस्तान. मधली ती वाखानची चिंचोळी पट्टी १८९५ च्या सुमारास इंग्रज आणि रशियनांनी, आपल्या हद्दी एकमेकींना भिडू नयेत म्हणून ठेवली. काही ठिकाणी ती जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद आहे.

साताऱ्यातलं माझं गॅरेज आता मुलगा बघतो. पण सवय जात नाही, डोंगराआधी माझं लक्ष गाडीच्या खाली जातं. या रस्त्याने शॉकअप किती टिकत असतील? खडीवर पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडल्यात. हळू गेलं की प्रत्येक वळी मणक्याला कळते. वेग धरला तर चाकं वरच्यावर जातात, पण मग ब्रेक नीट लागत नाही. आमचा ड्रायव्हर पामिरी, म्हणजे इथल्याच पामीर डोंगरांतला. जुनी लँड क्रूझर तो एका हाताने चालवायचा आणि दुसऱ्या हाताने हिंदी गाणी बदलायचा. मला 'अका' म्हणायचा, म्हणजे दादा.

इश्काशिमच्या पुढे एका गावाजवळ टायर बाजूने फाटला. स्टेपनी काढेपर्यंत जर्दाळूच्या बागेतून एक बाई आल्या, छातीवर हात ठेवून किंचित वाकल्या आणि घराकडे बोट केलं. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘जा अका. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल.’’

पामिरी घर बाहेरून मातीचं, साधं. आत मात्र पाच लाकडी खांब. हे लोक इस्माइली, शिया मुसलमानांतला एक पंथ. खांब पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांच्या नावाचे. छताला मधोमध झरोका, एकावर एक तिरपे ठेवलेले चार चौकोन: पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी. जोडकाम बघत मी मान वर करून उभाच राहिलो. भिंतीवर त्यांचे धर्मगुरू आगाखान यांचा फोटो होता. १९९२ ते ९७ च्या यादवीत इथली रसद तुटली, तेव्हा त्यांच्या संस्थेने धान्य पोचवून हा मुलूख जगवला.

मग आला शिरचोय. दूध घातलेला चहा, त्यात मीठ, वर लोण्याचा गोळा. त्यात रोटीचे तुकडे कुस्करायचे आणि वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा. ‘‘अहो, मीठ आहे यात!’’ बायको कुजबुजली. दुसरा वाडगा मात्र तिनेच मागितला. सकाळच्या थंडीत तो पोटात उतरला की हाडं मोकळी होतात.

निघताना मी पैसे पुढे केले, तर बाईंनी हातच मागे घेतले. होमस्टेचे पैसे ठरलेले असतात, आपण निमूट देतो. पण रस्त्यावरून घरात नेऊन पाजलेल्या चहाचं काय करायचं? आमच्याकडचे कंदी पेढे बायकोने दिले. तेवढ्याने माझं समाधान होईना.

अंगणात त्यांच्या यजमानांची जुनी उआझ उभी होती, बॉनेट उघडं. रशियन जीप. आमच्या जुन्या जीपसारखीच, सगळं उघड्यावर. ‘‘चालू होत नाही,’’ ड्रायव्हरने सांगितलं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, त्याचं टोपण काढलं तर पॉइंट काळे पडलेले. पॉलिश पेपर मिळाला. घासले, गॅप ब्लेडने लावली, चोक ओढला. तिसऱ्या स्टार्टरला धडाडली आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघाला. यजमान हसत सुटले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

आता वाटलं, फिटलं. कसलं काय! काम केलेला माणूस उपाशी जातो का, म्हणून दुपारच्या जेवणाला बसवलं. मटणाचा शुर्बो म्हणजे पातळ रस्सा, बायको शाकाहारी हे कळल्यावर तिच्यासाठी वेगळे बटाटे आणि अंडी. वर गच्चीवर वाळत घातलेल्या जर्दाळूंची पिशवी, ती तर गाडीतच टाकली.

ड्रायव्हर पार वैतागला. लांगरला उजेडी पोचायचं होतं, दुसऱ्या दिवशी ४,३४४ मीटरची खारगुश खिंड होती. अंधारात, खड्डे चुकवत त्याने एकच गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली: पुढच्या गावात कुणाचं बॉनेट उघडं दिसलं तरी अकांनी गाडीतून उतरायचं नाही.