यादीत नसलेली पावडर

डिसेंबर २०१४. गोव्यात हणजूण-वागातोरचा सीझन भरात आला की आमच्या प्रयोगशाळेत सीलबंद पाकिटांची रीघ लागते. त्यातलं एक घेऊन आलेला उपनिरीक्षक डिचोलीचा, बोलणं मराठीतच. "एमडीएमए आहे मॅडम, खात्री आहे." एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, पार्ट्यांतला अमली पदार्थ. पंचनाम्यातही तेच.

पावडरीवर मार्क्वीचा, म्हणजे रंग बदलून पदार्थ सुचवणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकला. एमडीएमए असतं तर डोळ्यांदेखत जांभळट काळं पडलं असतं. काहीच झालं नाही. मग जीसी-एमएस, म्हणजे पदार्थ वेगळे करून त्यांच्या रेणूंचे तुकडे वजनानुसार दाखवणारं यंत्र. आलेखात ५८चं शिखर सगळ्यांत उंच, सोबत ११९ आणि ९१. निघालं मेफेड्रोन, मुंबईत ज्याला म्यांव म्यांव म्हणायचे ते.

एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याची अनुसूची, म्हणजे बंदी असलेल्या पदार्थांची यादी, उघडली. कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य होतं. त्याच सांगाड्यावर एक मिथाइल (कार्बनचा छोटा गट) नायट्रोजनला, एक रेणूतल्या कार्बनच्या कड्याला जोडला की मेफेड्रोन. पण मेफेड्रोन यादीत नव्हतं. आपला १९८५चा कायदा यादीतल्या पदार्थाचे क्षार धरतो, मिश्रणं धरतो. त्याच्यासारखं दिसणारं रसायन धरत नाही. अहवालात तसंच लिहिलं.

"म्हणजे सुटला?" तो चिडला. "अमेरिकेत ॲनालॉगचा कायदा आहे म्हणतात!"

आहे, १९८६पासून. बंदी असलेल्या पदार्थाशी रचनेत 'बरंचसं साम्य' असलेला आणि माणसाच्या सेवनासाठी असलेला पदार्थ त्यात येतो. राग मलाही आला होता. पण बरंचसं म्हणजे किती, हे कुठलं यंत्र मोजतं? तिथे दोन्ही बाजूंनी रसायनतज्ज्ञ उभे राहतात आणि फैसला ज्युरी करते. पिंजऱ्यात उभं राहून 'मला सारखं वाटतं' एवढ्यावर कुणाला आत पाठवायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा ब्रिटनने २०१० साली केलं ते पटतं: कॅथिनोनच्या सांगाड्यावर कुठे काय जोडलं तर बंदी, हे गटवार लिहून टाकलं. ते निदान तपासता तरी येतं.

फेब्रुवारी २०१५मध्ये केंद्राने अधिसूचना काढून मेफेड्रोन यादीत घातलं. लगेच त्याचा फोन. "मॅडम, आता नवीन रिपोर्ट द्याल?"

"देईन की. पण पंचनाम्यावरची तारीख डिसेंबरचीच राहणार." राज्यघटनेच्या कलम २०प्रमाणे कृत्य घडलं त्या दिवशी गुन्हा नव्हता, तर मागाहून तो करता येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारून पाहिलं.

थोडा वेळ थांबून म्हणाला, "आणि उद्या त्यांनी तो मिथाइल जरा सरकवला तर?"

प्रश्न बिनतोड होता. कड्यावरचा मिथाइल एक घर सरकला तरी ५८ आणि ११९ जवळपास तशीच दिसतात. फरक कळतो तो यंत्रातून बाहेर पडायची वेळ प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहिल्यावर. असे नमुने मागवण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात वर पाठवला.