ओवीतली नावाची जागा

रविवार, रात्री

आज जात्यावरच्या ओव्यांची टिपणं पुन्हा चाळली. दोन ओळी, शेवटी यमक, खाली रेघ. कागदावर ओवी फार शहाणी दिसते.

दळणारीचा एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला. उजवा हात खुंट्यावर, डावा वैरणीला, म्हणजे जात्याच्या तोंडात धान्याचा घास टाकायला मोकळा. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकच खुंटा धरायचा. घास मोठा पडला की पीठ भरड येतं आणि जातं जड चालतं. फार कमी पडला की दगडावर दगड घासतो, पिठात कच येते. ओवीचा दम या कामानेच ठरवलाय. मधेच येणारं ‘गं बाई’, अर्धी ओळ पुन्हा म्हणणं, यामुळे घास टाकायला आणि पुढचं जुळवायला वेळ मिळतो. पहिली ओळ एकीने टाकायची, दुसरी समोरचीने उचलायची. उतरवून घेणारे नेमकं हेच गाळतात. मग उरतो तो मजकूर.

ही रीत किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (1129) महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी 1290ची. म्हणजे तीन चरण यमकाचे आणि चौथा तोकडा, ही ग्रंथातली ओवी पोथीत लिहिली जाण्याच्या दीडशे वर्षं आधी बायकांच्या तोंडी ओवी होती. साहित्याचा इतिहास शिकवताना हा क्रम बहुतेकदा उलटा लागतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ओवीतली नावाची जागा. साचा गावोगाव तोच, पण ‘माझ्या अमक्या बाळाची’ इथे प्रत्येकीने आपल्या लेकाचं, भावाचं नाव बसवायचं. नाव छोटं असलं तर पुढे ‘बाळ’ किंवा ‘दादा’ जोडायचं. ‘पांडुरंग’सारखं लांब आलं तर ‘गं’ गाळायचा. लेक राघू, लेकीची मैना. नवऱ्याचं नाव मात्र सहसा नाही, तो ‘भरतार’ किंवा ‘कंथ’ म्हणून येतो. त्याचं नाव घ्यायला उखाणा वेगळा. सासरी जिला अमक्याची सून, तमक्याची आई एवढीच ओळख होती, ती इथे आपली माणसं स्वतः मोजत होती आणि सुरुवात बहुधा माहेरापासून करत होती. रुक्मिणीचा रुसवा, सीतेचा वनवास हेही तिच्या तोंडी ओळखीच्या बाईची हकिकत होऊन येतात. सासूबद्दल जे चुलीपाशी बोलता येत नव्हतं, ते पहाटे जात्यापाशी सासूला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणता येई. गाण्याला कोण जाब विचारणार?

हीच जागा पुढे मोठी झाली. दलित बायकांनी तिथे बाबासाहेबांना बसवलं. कुठे ते भाऊ, कुठे बाप. मला यात परंपरा मोडल्यासारखं काही दिसत नाही. साचा त्यासाठीच होता.

गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखावर ओव्या जमल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाच्या संग्रहात आहेत, त्यातल्या काही ऐकायलाही मिळतात. गाणारणीचं नाव आणि गाव ओवीसोबत ठेवलंय, हे या संग्रहाचं मोठेपण. जुन्या छापील संग्रहांत ‘लोकगीत’ म्हटलं की बाई गायब.

अजून कुणाला उतरवून घ्यायच्या असतील तर खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हणू नये. हात रिकामे असले की ओळी तुटक आठवतात. जातं नसेल तर सूप द्यावं, शेजारीण बोलवावी. आवाज आधी पूर्ण मुद्रित करावा, लिहिणं नंतर. ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नये, मात्रा ढळतात. विषयवार लावण्याआधी गायलेला क्रम नोंदवावा, कारण एका ओवीतला शब्द पुढचीला ओढून आणतो. गिरणी आल्यावर दळण संपलं, पण लग्नाच्या आधी घाणा भरताना जात्याला हळकुंड, सुपारी, आंब्याची पानं बांधतात आणि तिथे म्हाताऱ्या अजून गातात. फक्त मांडवातला स्पीकर तेवढा वेळ बंद करायला सांगावं लागतं.