अर्लचा झगा, तिसरी नोंद

मागच्या नोंदीत माझ्या छोट्या पुतळ्याच्या झग्यासाठी लाल मखमल कापून ठेवल्याचं लिहिलं होतं. ती सगळी वाया गेली. पाठीचा तुकडा उलट्या लवेचा कापला गेला आणि एकाच ताग्यातले दोन भाग दोन रंगांचे दिसायला लागले. शिंपी हे पहिल्या महिन्यात शिकतो, मी सातव्या. आता प्रत्येक तुकड्यामागे खडूने बाण काढतो.

नव्यांसाठी थोडक्यात: २ जून १९५३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यातल्या एका अर्लचा (अर्ल म्हणजे ब्रिटिश उमरावांमधला एक हुद्दा) पुतळा मी एक-षष्ठांश मापात करतोय.

खरी मजा खांद्यावरच्या पांढऱ्या केपमध्ये आहे. अर्मिन म्हणजे स्टोट या प्राण्याची हिवाळ्यातली पांढरी फर. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं, केपवरचे काळे ठिपके त्याचेच. ठिपक्यांच्या ओळी मोजल्या की हुद्दा कळतो: ड्यूकला चार, मार्क्विसला साडेतीन, अर्लला तीन, व्हायकाउंटला अडीच, बॅरनला दोन. म्हणजे चेहरा न बघता, मागच्या रांगेतूनही, पुढे कोण उभा आहे ते वाचता येतं. असा कपडा मला दागिन्यांपेक्षा हुशार वाटतो. (आपल्याकडे शहाणे साडेतीन, तिकडे मार्क्विसच्या ओळी. मी अर्ल निवडला तो अपूर्णांक टाळायला, हे कबूल करतो.)

पहिल्या केपला नकली फर लावली. केस इतके लांब की ठिपके त्यात बुडाले आणि अर्लसाहेब ओल्या मेंढीसारखे दिसू लागले. दुसऱ्यांदा आखूड लवेचं फलालीन घेतलं आणि काळ्या रेशमाच्या एकेका धाग्याने तीन-तीन छोटे टाके घातले. रंगाने ठिपके काढू नका, कापडात पसरतो. तिन्ही ओळींना चार संध्याकाळी गेल्या. मधली ओळ डावीकडे किंचित घसरलीय, पण उसवणार नाही.

कोरोनेट, म्हणजे उमरावाचा छोटा मुकुट, अर्धवट आहे. अर्लच्या कोरोनेटवर उंच टोकांवर आठ चांदीचे गोळे, त्यांच्यामध्ये स्ट्रॉबेरीची आठ पानं. गोळ्यांना दीड मिलिमीटरचे छर्रे जमले. पानं पितळी पत्र्याची, त्यातली तीनच कापून झालीत.

ते डोक्यावर मात्र ठेवणार नाही. राणीच्या मस्तकावर मुकुट चढल्यावरच उमरावांनी आपापली कोरोनेटं घातली, आणि मला त्याच्या आधीचा क्षण हवाय. म्हणून ते हातात. त्यासाठी उजव्या हाताची बोटं गरम पाण्यात घालून पुन्हा वळवावी लागतील.