केबल बदलायला दोन दिवस, उत्तर मिळायला सहा आठवडे

"केबल सुटी मिळत नाही, कॉइलसकटच घ्यावी लागेल." माझ्या मेटल डिटेक्टरच्या सर्व्हिस सेंटरकडून हे एक वाक्य ऐकायला मला सहा आठवडे लागले. पहिल्याच फोनला सांगितलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी केबल कापली असती आणि खारं पाणी तारेत पुढे सरकलं नसतं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हा डिटेक्टर पाण्याखाली चालणारा, पल्स इंडक्शन पद्धतीचा, म्हणजे कॉइलमधून (खाली फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातून) विजेचे झटके सोडून मागून येणारा सिग्नल ऐकणारा. कॉइलची केबल ग्लँडमधून (केबलभोवती आवळणाऱ्या पाणीबंद तोंडातून) थेट यंत्राच्या बंद डब्यात जाते, मधे प्लग नाही. कंबरभर पाण्यात शोधताना आधी अधूनमधून खोटे आवाज यायला लागले. दांडा हलवला की किरकिर, स्थिर धरला की गप्प. मग खोली घटली. वाळूत वीतभर खाली ऐकू येणारं नाणं चार बोटांवर आलं. घरी येऊन केबल इंच-इंच वाकवत गेलो, तेव्हा कॉइलमधून ती जिथे बाहेर पडते त्या वळणावर आवाज उसळला. आवरणाला नखाएवढी चीर होती. सरळ धरली की मिटायची, वाकवली की तोंड उघडायची. या केबली बहुतेक याच जागी जातात, नाहीतर ग्लँडच्या तोंडाशी.

इथून तो सहा आठवड्यांचा घोळ सुरू झाला. आधी अर्ज, मग यंत्राचा क्रमांक, मग बिलाचा फोटो, मग "स्पष्ट दिसत नाही" म्हणून तोच फोटो पुन्हा. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. मी विचारलं, "मी उघडून बघू का?" उत्तर आलं, "तुम्ही उघडलंत तर आम्ही हात लावणार नाही." म्हणून यंत्र तसंच ठेवलं. नको होतं ठेवायला. शेवटी वरचं वाक्य ऐकवलं आणि प्रकरण बंद केलं.

केबलच्या आतली तार अनेक बारीक धाग्यांची असते. दिव्याची वात तेल वर ओढते, तसे हे धागे पाणी ओढतात. चीर एका ठिकाणी, पण खारं पाणी दोन्हीकडे पसरत जातं आणि तांबं खात जातं. मी चिरेपासून दोन बोटांवर केबल कापली. आतलं तांबं काळं कुळकुळीत. ब्लेडने खरवडलं, सोल्डर धरावं म्हणून फ्लक्स लावला, सोल्डरिंग गन टेकवली, तर कथील गोळी होऊन घरंगळलं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, कितीही तापवा. आणखी बोटभर कापलं, काळंच. वीतभर कापलं, काळपट तपकिरी. तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून हिरवी भुकटी सांडत होती. हातभर कापल्यावर कुठे तांब्याचा लालसर रंग दिसला. ते तुकडे ओळीने टेबलावर ठेवले होते आणि प्रत्येक तुकडा बघून मला त्या फोनवरचा एकेक आठवडा दिसत होता.

मल्टीमीटरवर किती भरवसा ठेवायचा, तेही इथेच सांगतो. कापण्याआधी कॉइलचा रोध मोजला तर दीड ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. पण दोन्ही तारा कॉइलमधूनच एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यामधली ओलाव्याची गळती मीटरला दिसूच शकत नाही. केबल कॉइलपासून तोडून नुसतीच मोजली, तेव्हा दोन तारांमध्ये काही हजार ओहम आले आणि आकडा सतत सरकत राहिला. तिथे मीटरने उघडा, म्हणजे तारांमध्ये जोडच नाही, असं दाखवायला हवं होतं. ही गळती डॅम्पिंगच्या रोधाला, म्हणजे प्रत्येक झटक्यानंतर कॉइलला पटकन शांत करणाऱ्या रोधाला, समांतर बसते आणि त्यानंतरचा सिग्नल बिघडवते. यंत्र मरत नाही, फक्त कमी ऐकतं. माझी खोली घटली ती याच्यामुळे.

मग जोड देण्याचा विचार सोडला आणि अख्खी केबल बदलली. नवी केबल लांबीला आणि जाडीला जुन्याएवढीच घ्या. जाडी चुकली तर ग्लँड पकडत नाही. लांबी वाढली तर कपॅसिटन्स (तारांमध्ये विजेचा भार साठण्याची क्षमता) वाढतो, केबलची जात बदलली तरी वाढू शकतो, आणि पहिला फटका बारीक सोन्याच्या सिग्नलला बसतो. आवरण पॉलियुरेथेनचं असलेलं बरं. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही. डब्याकडचं जुनं टोक तासाभरात सुटलं. कॉइलकडचं जुनं इपॉक्सी मात्र कोरून काढायला अख्खी दुपार गेली, कारण आतल्या वेटोळ्याला पातं लागलं की कॉइलच संपली.

दोन्ही तारांचे जोड एकासमोर एक घेतले नाहीत, मागेपुढे घेतले, म्हणजे ते कधी एकमेकांना टेकणार नाहीत. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. जाळीची तार जुनी होती तिथेच जोडली. कॉइलभोवतीच्या शील्डमध्ये (बाहेरचा खरखराट अडवणाऱ्या आवरणात) फट ठेवलेली असते, ती चुकूनही बुजवू नका; कडं पूर्ण झालं की यंत्राला शील्डच धातूच्या वस्तूसारखं दिसायला लागतं. केबलचं आवरण सँडपेपरने खरखरीत केलं, स्पिरिटने पुसलं आणि इपॉक्सी ओतलं. केबल बाहेर पडते त्या तोंडाशी मात्र लवचीक पॉलियुरेथेन भरलं. कडक इपॉक्सीच्या कडेवरच केबल पुन्हा तुटते.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका. त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं.

डब्याकडचं टोक जोडण्याआधी कॉइल रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. सकाळी मीटरची एक पिन पाण्यात आणि दुसरी तारेवर. मीटर उघडाच. मग दुसरी पिन जाळीवर, तरीही उघडा. मग डबा बंद केला. डब्याच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, त्यावर केस चिकटलेला नाही ना ते उजेडात फिरवून पाहिलं.

आणखी एक, उन्हात तापलेलं यंत्र एकदम पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आधी सावलीत निवू द्या. आणि केबल कुठेही चिरलेली दिसली तर कुणाच्याही उत्तराची वाट न बघता गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि उघडायची नसेल तर निदान पाण्यात पुन्हा नेऊ नका.

परवा कंबरभर पाण्यात उतरलो. दांडा जोरात फिरवला, केबल मुद्दाम त्याच वळणावर वाकवली. आवाज जागचा हलला नाही. अर्ध्या तासाने बारीक पण स्वच्छ सिग्नल आला. फावड्याचे तीन घाव घातल्यावर वीतभर खालून एक गंजकं नाणं आलं, आणि ते मी त्या काळ्या तुकड्यांशेजारी ठेवलंय.