निरगाठ

बाईचं प्रेत निघालं की ठाण्यातून पहिली हाक मला यायची, "ओ बाई, चला." १९९३ साल. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या त्या ठाण्यात मी एकटीच महिला शिपाई होते. बायकांची झडती, सिव्हिलमधला गार्ड, जत्रेचा बंदोबस्त आणि प्रेतं, एवढीच माझी कामं. माझ्यानंतर भरती झालेला मुलगा वर्षभरात फौजदारांचा रायटर झाला, पंचनामे लिहायला शिकला. मीही शिकवा म्हटलं, तर "तुम्हाला रात्री-अपरात्री कुठं घेऊन फिरणार?" असं उत्तर मिळालं. प्रेतासाठी मात्र रात्री दोनलाही मला क्वार्टरमधून उठवलेलं आहे.

मे महिन्यात एका वस्तीवरची सून विहिरीत सापडली. सासरा सांगत होता, काल पहाटे पाण्याला गेली, पाय घसरला. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद मेली, तर चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची, अशी दुरुस्ती १९८३ साली कायद्यात झाली. म्हणून दंडाधिकारी या नात्यानं नायब तहसीलदार येईपर्यंत दोन तास ती बाजेवर उन्हात पडून होती. मी लोकांकडून एक पटकूर मागून तिच्यावर घातलं.

साहेब आले आणि चिंचेखाली थांबले. पंचही तिथंच. वाचणाऱ्याला वाटत असेल की पंचनाम्यात लिहिलेलं सगळं पंचांनी वाकून पाहिलेलं असतं. तसं होत नाही. कुणीतरी एक जण प्रेत कुशीवर वळवतो, ओरडून सांगतो, आणि लांब उभा असलेला लिहितो. त्या दिवशी ती वळवणारी मी होते.

पटकुराच्या आडोशाला मी साडी बाजूला केली. निऱ्या उलट्या बाजूला वळलेल्या होत्या. पाण्यात साडी फिरते, म्हणून मी त्यावर विसंबले नाही. पण परकर उलटा होता, शिवण बाहेर. आणि नाडीची गाठ डाव्या कुशीच्याही मागं, जवळजवळ पाठीवर होती. निरगाठ, तीही दुहेरी.

परकराची नाडी बाई स्वतः बांधते तेव्हा गाठ पुढं किंवा जरा बाजूला येते, आणि ती सूरगाठ असते. अंधारात, घाईत, एका हातानं ओढून सोडता आली पाहिजे. पाठीमागं निरगाठ मारून कुणी पहाटे पाण्याला जात नाही. ती गाठ दुसऱ्यानं मारलेली होती, आडव्या पडलेल्या अंगावर.

मी ओरडून सांगितलं. रायटरनं फौजदारांकडे पाहिलं. फौजदार म्हणाले, "भिजल्यावर गाठ आवळणारच. लिहा, अंगावर साडी, परकर, ब्लाउज."

"साहेब, भिजून सूरगाठीची निरगाठ होत नाही."

"बाई, तुम्ही प्रेत वळवा."

मी वळवलं.

टेम्पोतून प्रेत घेऊन सांगलीच्या सिव्हिलला मीच गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझं शांतपणे ऐकलं. गाठ तशीच ठेवून त्यांनी नाडी समोरून कापली. त्या एका कृतीसाठी मी त्यांना आजही मानते. बुडून मेल्याची लक्षणं त्यांना मिळाली नाहीत. गळ्यावरची खूण पाण्यानं अस्पष्ट झालेली, म्हणून मत राखून व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला. कपड्यांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नाडीस गाठ आहे.' कसली गाठ, कुठं, ते नाही. तेव्हा मी शेजारीच उभी होते.

व्हिसेऱ्यात विष निघालं नाही आणि डॉक्टरांचं शेवटचं मतही ठाम आलं नाही. म्हणजे सगळा भार त्या गाठीवर आला. आणि गाठ राहिली नव्हती. ओले कपडे सील करण्याआधी वाळवावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. ठाण्यामागच्या दोरीवर कुणीतरी परकर नीट पसरावा म्हणून ती निरगाठ सोडून टाकली. त्यात वाईट हेतू नव्हता. जपायचं काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कागदावर ते नव्हतंच.

१९९६ साली सेशन कोर्टात केस उभी राहिली. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव नव्हतं. फौजदारांनी शपथेवर सांगितलं की गाठ त्यांच्या निदर्शनास आली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "पंचनाम्यात कुठं आहे? केस डायरीत?" कुठंच नव्हती. छळ शाबीत झाला. हुंड्याची मागणी शाबीत झाली नाही, म्हणून ३०४ ब, हुंडाबळीचं कलम, लागलं नाही. नवऱ्याला ४९८ अ, छळाच्या कलमाखाली शिक्षा झाली, खुनातून सगळे संशयाचा फायदा मिळून सुटले.

फौजदारांवरचा राग मी बरीच वर्षं बाळगला आणि तो खरा आहे. बाईनं पाहिलेलं म्हणजे पाहिलेलंच नव्हे, हे ठाण्यात मुरलेलं होतं. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती दुसरी गोष्ट. सिव्हिलहून परतल्यावर स्टेशन डायरीला नोंद करावी लागते. ठाणे अंमलदारांनी लिहिलं, 'प्रेत पोच करून परत हजर.' वही माझ्यापुढं सरकवली. तिथं मी म्हणू शकले असते, आणखी चार ओळी लिहा. फौजदार समोर नव्हते, कुणी अडवलं नसतं. मी सही केली, खाली बक्कल नंबर लिहिला आणि क्वार्टरवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात दुसऱ्याच आरोपीसोबत ड्युटीवर होते. मुलीची आई व्हरांड्यात भेटली. तिनं मला ओळखलं.

"ताई, माझ्या पोरीला तुमीच बघिटलं हुतं न्हवं? मग तुमाला का न्हाई बोलवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला गावाकडची यष्टी गाठायची होती. माझी ड्युटी सुटल्यावर मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले.