गाडी फुल शे

चैत्र लागला की अमळनेरात सकाळी दहालाच ऊन डोक्यावर येतं आणि आमच्या फिजिओथेरपी केंद्रातले पेशंट घड्याळाकडे बघायला लागतात. त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर जिजी होत्या. शेजारी, भिंतीला दोरीची कप्पी ठोकली आहे तिथे, अप्पा हात ओढत बसले होते. अप्पा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. खांदा आखडलेला, हात कानाच्या वर जात नाही.

जिजींचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. टाके छान सुकलेले, सूजही उतरत होती, पण गुडघा 70 अंशांवर अडकलेला. सपाट जागी चालायला तेवढं पुरतं. जिना उतरायला 90 ते 100 अंश लागतात. ‘वाकला नाही तर भूल देऊन वाकवू,’ असं डॉक्टर सांगून बसलेले. त्या धास्तीनं पाय आणखीच ताठ. मी टाच धरायचा अवकाश, मांडीचा पुढचा स्नायू लाकडासारखा होई. दुखायच्या आधीच शरीर आवळून घेतं. तिथे जोर लावून उपयोग नसतो.

जिजींचा मुलगा त्यांना रोज सोडायला येई. पोरगा गुणी, पण थट्टेची भारी हौस. “मायले आते क्रेनच लावना पडी, ताई,” हे त्याचं ठरलेलं. सगळे हसत, जिजीही हसत. फक्त माझा हात त्यांच्या मांडीवर असायचा. चेहरा हसतोय आणि हाताखाली स्नायू आवळतोय, हे मला लख्ख कळायचं. त्या दिवशीही क्रेनचा विनोद करून तो बाहेर फोनवर बोलायला गेला.

अप्पा कण्हले. जिजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, “जलमभर आम्ही रस्तावर हात दाखाडा, तू गाडी थांबाडी नही. आते तुनाच हात वर जात नही. देवनी बरोबर हिसाब कया!”

अप्पांच्या हातून दोरी सुटली. “गाडी फुल राहे व माय!”

“मंग मना गुडघाबी फुल शे. जागा नही!”

अख्खी खोली हसायला लागली. झाडू मारणारी मावशी भिंतीला टेकली. सगळ्यांत जास्त हसत होत्या त्या जिजी. बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतो, असं रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या गप्पा टिपून दाखवलं होतं. त्याचा नमुना माझ्यासमोर पदर तोंडाला लावून हलत होता. आणि माझ्या हाताखालची मांडी मऊ पडली. मी टाच नुसती धरून होते, दाबली नाही. पाय आपला आपण घसरत मागे आला. कोनमापक लावला तर 84.

हसून हसून अंगातली ताकद जाते, हे आपण सहज म्हणतो. त्याचं मोजमापही झालेलं आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गुडघ्यामागच्या नसेला विजेचा हलका झटका देऊन पोटरीचा प्रतिसाद नोंदला. मनापासून हसताना तो स्पष्ट घटत होता. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. पण क्रेनवरचं हसू त्या मोजणीत बसलं असतं का, याची मला दाट शंका आहे. माणूस स्वतःवर हसतो आणि माणसाला हसलं जातं, यातला फरक स्नायूला आधी समजतो. मुलाला मी बाहेर गाठून एवढंच सांगितलं, “दादा, क्रेन आता परत पाठवा.” तो ओशाळला, पण समजला.

पुढचे अंश काही विनोदानं मिळाले नाहीत. बर्फ, व्यायाम, घाम आणि जिजींच्या शिव्या, असं करत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गुडघा शंभरीला टेकला. भूल द्यावी लागली नाही. मांडी घालायला मनाई होती, त्यावरून त्या माझ्यावर रुसल्या.

दोघांची वेळ मी तशीच एकत्र ठेवली. अप्पांना मात्र वाटलं, हसण्यानं आपलाही खांदा सुटेल. आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आकसतं. ते हसण्याला दाद देत नाही, मोकळं व्हायला कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंही जातात. हे समजावून सांगितल्यावर अप्पा जिजींकडे बघून म्हणाले, “म्हणजे हिसाब अजून बाकी शे.”